माझ्या वर्गातून : छत्तीसचा आकडा

मंडळी, दरवर्षी या सदरात मी शाळेतल्या गमतीजमती सांगते. यंदा एकाच आठवड्याची हकीकत सांगणार आहे. महिना सप्टेंबरचा, शाळा इथली, न्यू जर्सीतली, वर्ग दुसरीचा. मी तिथे मदतनीस शिक्षिका आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच.

सोमवार. ओवी (नाव बदललं आहे) ऑगस्टमध्ये साताऱ्याहून आली. पहिली तिथल्या मराठी शाळेत झाली. वर्गात ती गप्प असते. त्या दिवशी बाईंनी दहा संख्या तोंडी सांगितल्या आणि मुलांना कोऱ्या कागदावर लिहायला लावल्या. ‘थर्टी-सिक्स’ला ओवीने लिहिलं ६३, ‘फोर्टी-फाइव्ह’ला ५४. दहातल्या सहा चुकल्या. “हिला गणिताच्या जादा तासाला पाठवावं लागेल. शुक्रवारी पुन्हा बघू आणि ठरवू,” बाई म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या, पण बावीस मुलांत एकेकीकडे किती बघणार?

मंगळवार. आज छापील कागद होता, प्रत्येक संख्येसाठी दशक-एककाचे दोन चौकोन. ओवीच्या सगळ्या संख्या बरोबर! मी शेजारी बसून तिचा हात बघत होते. तिने आधी उजव्या चौकोनात ६ लिहिला, मग डावीकडे ३. ओठ पुटपुटत होते, “छत्तीस.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोर इंग्रजी संख्या ऐकून मनात मराठी करत होती. छत्तीसमध्ये आधी सहा येतात, मग तीस. पंचेचाळीसमध्ये आधी पाच, मग चाळीस. चौकोन असले की प्रत्येक अंक आपल्या घरात जातो. कोऱ्या कागदावर घाईत लिहिताना डावीकडे जागा सोडायची राहते. गणित तिला येतच होतं. मी हळूच विचारलं, “पंचवीस आणि छत्तीस किती गं?” तिने बोटंही न मोडता सांगितलं, “एकसष्ट, मावशी.”

बुधवार. बाईंना सगळं समजावलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग हसल्या. “अहो, आमचं ‘सिक्सटीन’ तसंच की! पहिलीतली मुलं सोळाला ६१ लिहितात.” मी त्यांना सांगितलं, जर्मन आणि अरबीतही एकक आधी बोलतात. आपल्याकडे बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘सत्तर तीन’ असं वाचन आणलं, तेव्हा केवढा वाद झाला, तेही सांगितलं. ओवीचे आकडे मात्र आजीच्या पाढ्यांतले, त्यामुळे पंचवीस ते पंचवीसच.

गुरुवार. बाईंनी दहाच्या दांड्या आणि सुटे ठोकळे काढले आणि ओवीला पुढे बोलावलं. मी दुभाषी. २९ला मराठीत काय म्हणतात? एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी. मुलांनी तीन दांड्या मांडून एक ठोकळा झाकला आणि वर्गभर “एकोणतीस, एकोणतीस” सुरू झालं. मग एकाने ९९चं विचारलं. ओवी म्हणाली, “नव्याण्णव.” ‘एकोणशंभर’ का नाही, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं! त्या दिवशी ओवी पहिल्यांदा मोठ्याने हसली.

शुक्रवार. पुन्हा दहा संख्या, पुन्हा कोरा कागद. बाईंनी सांगितलं होतं, आधी दोन रेघा मार आणि मग लिही. नऊ बरोबर आल्या. गणिताचा जादा तास टळला. इंग्रजीचा वेगळा तास चालू राहील, त्याची तिला गरजच आहे.

शाळा सुटल्यावर ओवीची आई भेटली. तिला सोमवारची चिठ्ठी मिळाली होती. डोळे भरलेले. “ताई, घरी आम्ही मराठी बंद करू का? तिचं नुकसान तर होत नाही ना?”

मंडळी, हा प्रश्न मी पंधरा वर्षांपूर्वी विचारला होता, माझ्या मुलासाठी. तेव्हा एका शिक्षिकेने सांगितलं, “घरीही इंग्रजीच बोला.” आम्ही निमूटपणे ऐकलं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, सगळं छान आहे. पण दर रविवारी फोनवर “कशी आहेस आजी?” झालं की तो फोन माझ्या हातात देतो. आई पलीकडून विचारते, “एवढंच बोलला?”

मी ओवीच्या आईला म्हटलं, “बंद करू नका. पाढे रोज म्हणू द्या, आजीशी रोज बोलू द्या. इंग्रजी आम्ही शिकवू, ते आमचं काम.”

छत्तीसच्या आकड्यात ३ आणि ६ एकमेकांना पाठ करून बसतात. ओवीने चुकून लिहिलेल्या ६३मध्ये ते समोरासमोर येतात. तो सोमवारचा कागद मी जपून ठेवला आहे.

या दिवाळीत आजी-आजोबांना फोन लावाल, तेव्हा पाच मिनिटं तो मुलांच्याच हातात राहू द्या. शुभ दीपावली!