किडनी गेली, असं म्हणण्याआधी

किडनी बसवून वर्ष होत आलेलं असतं. पाणी मोजून पिणं संपलेलं, डायलिसिसच्या खेपा थांबलेल्या. अशात बीपी चढू लागतं. दोन गोळ्यांच्या तीन होतात, तीनच्या चार. पायांवर सूज दिसते, क्रिएटिनिन थोडं वर सरकतं. घरात उघड कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच असतं: आईने दिलेली किडनी गेली.

माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्यात आशा सोडू नका. रिजेक्शन असू शकतं, टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी वाढल्यानेही असं होतं. पण आणखी एक कारण आहे, आणि ते वेळेत सापडलं तर बहुतेकदा दुरुस्त करता येतं. किडनीला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झालेली असू शकते.

नवी किडनी पाठीशी नसते, पोटात खाली, जांघेच्या वर असते. तिची धमनी तिथल्याच मोठ्या धमनीला शिवलेली असते. या टाक्यांपाशी किंवा थोडं पुढे ती आकसू शकते, बहुधा ३ महिने ते २ वर्षांच्या काळात. मग किडनीला रक्त कमी पोचतं. तिला वाटतं, शरीराचंच बीपी उतरलंय. ती रेनिन सोडते, मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी आणखी चढवते. अशा वेळी नुसत्या गोळ्या वाढवून भागत नाही.

एक खूण नीट लक्षात ठेवा. गावातल्या डॉक्टरांनी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केली आणि पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन एकदम उडालं, तर ते त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना कळवा. गोळी वाईट नाही, पुष्कळांना ती चांगली लागू पडते. पण अरुंद धमनीमागची किडनी ज्या दाबावर रक्त गाळत असते, तोच दाब ही गोळी उतरवते. मनाने बंदही करू नका, मनाने चालूही ठेवू नका. आणि रात्री अचानक दम लागून आडवं होता येईना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

डॉक्टरांना सरळ विचारा, "किडनीचा डॉप्लर करायचा का?" ही सोनोग्राफीच आहे. सुई नाही, रंगद्रव्य नाही. शंका पक्की झाली तर पुढे अँजिओग्राफी होते. त्यातलं रंगद्रव्य किडनीला जड जाऊ शकतं, म्हणून ते बेतानं वापरतात.

अरुंदपणा थोडा आणि बीपी काबूत असेल, तर औषधं आणि नजर पुरते. जास्त असेल तर बहुधा जांघेतून बारीक नळी घालून फुग्याने धमनी रुंद करतात, स्टेंट बसवतात. हृदयाची अँजिओप्लास्टी ऐकलेली असते, तसंच हे. पोट उघडून शस्त्रक्रिया क्वचितच लागते. यातही धोके आहेत, ते विचारून घ्या. पण भीतीपोटी महिनोन्‌महिने टाळू नका, कारण रक्तावाचून सुकलेला किडनीचा भाग पुन्हा हिरवा होत नाही.

स्टेंटनंतर धमनी पुन्हा आकसू शकते, म्हणून डॉप्लरचे जुने रिपोर्ट फेकू नका. बीपीची वही चालू ठेवा. दात काढायला गेलात आणि तिथे स्टेंटसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी थांबवायला सांगितली, तर खुर्चीत बसण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावा.