महिनाअखेरचा हिशेब आता तारखेला बांधलेला

तारोडीतील व्यापारी असो वा त्याच शहरातील भाईंदर पूर्वेचा स्टीलच्या भांड्यांचा कारखानदार, महिन्याचा हिशेब सवडीने बंद करण्याचे दिवस सरले आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर वह्यांना तारखांचे बंधन आले. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत, कर २० तारखेपर्यंत. १ जानेवारी २०२२ पासून तर पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखविल्याखेरीज खरेदीदाराला त्या कराची वजावटच मिळत नाही. लाखभर रुपयांच्या पोलादी पत्र्यावरील १८ हजार रुपये दुसऱ्याच्या दिरंगाईने महिनाभर अडकतात. छोट्या कारखान्यात ही रक्कम एखाद्या कामगाराच्या पगाराएवढी असते.

उपाय म्हणून नवे सॉफ्टवेअर घेतले जाते. विलंब मात्र संगणकात क्वचितच असतो. तो टेम्पोचालकाच्या खिशातील पावतीत असतो. बँकेच्या नोंदी दर आठवड्याला ताडून पाहिल्या, २५ तारखेलाच बिलांसाठी दूरध्वनी केले आणि न आलेल्या बिलांची अंदाजे तरतूद केली, तर अखेरीस थोडेच काम उरते. शिल्लक मालाची मोजणी तेवढी महिनाअखेरीसच करावी लागते; ती एका दिवसात आटोपायची तर गोदाम आधी लावून ठेवायला हवे.