सर्व्हर डाऊन? आधी ऊसतोडीचा प्रोग्राम बघा!

मंडळी, पीकविम्याचा शेवटचा आठवडा आठवतोय ना? सेतूसमोर सकाळपासून रांग, हातात सातबारा, आधार, पासबुक. आणि आतून एकच आवाज, "सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी या." दिवसाचा रोज बुडाला, गाडीभाडं गेलं, काम मात्र तसंच.

2023 साली एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टवर न्यावी लागली. 2024 ला 15 जुलैची 31 जुलै झाली. मुदत वाढली की आपण हुश्श म्हणतो. पण गर्दी कमी होत नाही, ती फक्त पुढच्या तारखेला सरकते.

मग कुणीतरी म्हणतं, "नवीन सर्व्हर घ्या, एसएसडी टाका, सगळं पळेल." सर्व्हर अडायला कारणं बरीच असतात. नेटवर्क, ओटीपी, सॉफ्टवेअर, सगळंच आलं. पण नुसती एसएसडी टाकून काम भागत नाही, हे मला आज सांगायचंय.

एसएसडी म्हणजे फ्लॅश मेमरी. आपल्या मोबाईलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये असते तीच जात. तिची एक खोड आहे. लिहिलेल्या पानावर परत लिहिता येत नाही, आणि एकटं पान पुसताही येत नाही. पुसायची तर अख्खी वहीच पुसावी लागते. त्यामुळे वहीतली कामाची पानं आधी दुसरीकडे उतरवायची, मग वही कोरी करायची. हे काम ड्राइव्ह आतल्या आत करत असते. वाचायला मायक्रोसेकंद लागतात, पुसायला मिलिसेकंद, म्हणजे कितीतरी पट जास्त वेळ. त्या चिपवर पुसणं चालू असताना कुणी नुसता सातबारा बघायला आला, तरी तो मागे थांबतो.

ड्राइव्ह गच्च भरलेली असेल तर हाल विचारू नका. कोरी वहीच शिल्लक नाही, मग प्रत्येक नव्या अर्जासाठी आधी उचलाउचल. म्हणजे लिहायचं एक पान आणि हलवायची चार. त्यात वही पुसायलाही मर्यादा. सध्याच्या साध्या टीएलसी चिपा हजार ते तीन हजार वेळा पुसल्या की थकायला लागतात. म्हणजे बेशिस्तीने काम तर रखडतंच, महागडी ड्राइव्हही लवकर मरते.

आता हे आपल्या नगर जिल्ह्याला वेगळं शिकवायला हवं का? प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली उभा राहिला, तेव्हापासून आपण ऊस घालतोय. सगळ्यांनी एकाच दिवशी ऊस तोडून आणला तर काय होईल? गव्हाण तीच, गाळपाची ताकद तीच. ट्रॉल्या अड्ड्यावर वाळत उभ्या राहतील. म्हणून लागणीच्या नोंदीप्रमाणे तोडणीचा प्रोग्राम लागतो. तोड उशिरा मिळाली म्हणून आपण भांडतो, वशिल्याच्या नावाने बोटं मोडतो, पण प्रोग्रामच नको असं कुणी म्हणत नाही. आणि दुरुस्ती? ती हंगाम संपल्यावर, ऐन गाळपात नाही.

संगणकालाही हेच लागू. म्हणून माझ्या साध्या चार मागण्या :

1. जिल्ह्यात 14 तालुके आहेत. ऑनलाइन अर्जाला तालुकावार दिवस ठरवून द्या. शेवटचे तीन दिवस राहिलेल्यांसाठी मोकळे ठेवा.

2. अर्ज भरण्याचं काम आणि सातबारा, दाखले बघण्याचं काम वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. लिहिणाऱ्यामुळे वाचणारा अडायला नको.

3. बॅकअप, याद्या, अहवाल ही जड कामं रात्री करा. ड्राइव्हवर पाचवा हिस्सा तरी जागा कायम रिकामी ठेवा.

4. साइट जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी मंत्र्यांच्या घोषणेची वाट बघायला लावू नका. आणि कोणत्या तासाला किती अर्ज आले, किती अडकले, ते जाहीर करा.

कुणी म्हणेल, तालुकावार दिवस ठरवला आणि त्याच दिवशी माणूस आजारी पडला तर? बरोबर आहे, म्हणूनच शेवटचे तीन दिवस मोकळे मागितलेत. आजच्यासारखं सगळ्यांना सगळे दिवस मोकळे असले की शेवटी हाल त्याचेच होतात, ज्याच्याकडे नेट नाही आणि ज्याला दुसऱ्यांदा तालुक्याला यायला भाडं परवडत नाही.

यंत्र नवं घेता येतं, टेंडरही निघतं. शिस्त मात्र विकत मिळत नाही, ती लावावी लागते.

तुमच्या गावात शेवटच्या तारखेला काय अनुभव आला? कमेंटमध्ये तालुक्याचं नाव टाकून लिहा. आणि पुढच्या ग्रामसभेत हा विषय नक्की काढा.