खालच्यांनी पाऊल टाकलं, आता वरच्यांची पाळी

२००८ मध्ये स्कॉटिश फुटबॉल लीगमध्ये एक जागा रिकामी झाली. सीमेवरच्या ग्रेट्ना या छोट्या गावाचा क्लब एका धनिकाच्या पैशावर पार वरच्या श्रेणीपर्यंत पोचला होता. पैसा आटला आणि त्याच वर्षी क्लब बुडाला. त्याच्या जागेसाठी पाच जणांनी अर्ज केले: ॲनन ॲथलेटिक, कोव्ह रेंजर्स, एडिनबरा सिटी, प्रेस्टन ॲथलेटिक आणि स्पार्टन्स. सामना वगैरे काही झाला नाही. लीगमधल्या क्लबांचे प्रतिनिधी एका खोलीत बसले, त्यांनी मतं दिली आणि ॲननला जागा मिळाली. उरलेले चौघं परत गेले. पुन्हा संधी मिळायची तर आणखी एखादा क्लब मरायला हवा होता किंवा लीगनं स्वतःहून जागा वाढवायला हव्या होत्या.

त्या चौघांतले तिघं पुढं लीगमध्ये आलेच. एडिनबरा सिटी २०१६ मध्ये, कोव्ह रेंजर्स २०१९ मध्ये, स्पार्टन्स २०२३ मध्ये. तिघंही खेळून आले, कोणाच्या मतावर नाही. कोव्हनं तर लीगच्या तळाला आलेल्या बेरिक रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून ७-० असं हरवलं. खोलीतल्या मतदानात नापास झालेले क्लब मैदानावर पास झाले, याहून मोठा पुरावा मला पिरॅमिडच्या बाजूनं देता येणार नाही. खालच्या लीगचा विजेता वर जाईल आणि वरचा तळाचा क्लब खाली येईल, एवढीच ही पिरॅमिडची पद्धत. इंग्लंडमध्ये चौथ्या श्रेणीचं दार १९८७ पासून असं उघडं आहे. स्कॉटलंडला त्यासाठी २०१५ उजाडावं लागलं.

मी किलमारनॉकच्या परिसरात डॉक्टर म्हणून काम करते. माझं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. माझे निम्मे पेशंट पूर्व एअरशरमधल्या जुन्या खाणगावांतले आहेत. सोमवारी सकाळी गुडघा दाखवायला आलेले आजोबा आधी शनिवारच्या सामन्याबद्दल बोलतात, गुडघ्याचा विषय नंतर निघतो. त्यांच्या तोंडी रेंजर्स आणि सेल्टिक असतातच, पण आवाज चढतो तो ऑखिनलेक टॅलबट किंवा कम्नॉकचं नाव निघालं की. हे ‘ज्युनिअर’ क्लब. नाव ज्युनिअर असलं तरी खेळणारे पुरते मोठे बाप्ये: सुतार, इलेक्ट्रिशियन, शाळेत शिकवणारे. त्यांची स्वतंत्र संघटना १८८६ पासून चालत आली आहे, स्वतःचे नियम आणि स्वतःचा करंडक असलेली.

हा करंडक समजून घेतल्याशिवाय पिरॅमिडचा प्रश्न समजत नाही. १९५१ साली ज्युनिअर कपच्या अंतिम सामन्याला, पीटर्सहिल विरुद्ध आयर्विन मेडो, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ७७,६५० माणसं होती. ऑखिनलेक टॅलबटनं हा करंडक १४ वेळा जिंकला आहे, इतर कोणीही त्यांच्या जवळपास नाही. १९०९ मध्ये क्लब सुरू झाला तेव्हा लॉर्ड टॅलबट यांनी मैदान दिलं म्हणून त्यांचं नाव क्लबला लागलं. गावाशेजारची बॅरनी कोळसा खाण १९८९ मध्ये बंद झाली. खाणीचा लोखंडी मनोरा तेवढा स्मारक म्हणून राखला आहे. अशा गावात शनिवारी दुपारी बीचवूड पार्कचं फाटक उघडतं, कोणीतरी तिकिटं फाडतं, कोणाची तरी बायको गरम पाई आणि बोव्हरिल नावाचं कढत पेय विकते, आणि ज्या पोरानं आठवडाभर कोणाच्या तरी घराचं छप्पर दुरुस्त केलं तोच कम्नॉकविरुद्ध मैदानात उतरतो. कम्नॉक हे शेजारचं गाव, आणि त्या सामन्यातली चुरस ग्लासगोच्या कुठल्याही सामन्याइतकी कडवी असते. मला ती नवी वाटली नाही. खंडोबा तालीम आणि पाटाकडील तालीम शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा आमच्या पेठेत काय होतं ते मी पाहत वाढले आहे.

म्हणूनच या क्लबांना जेव्हा विचारलं गेलं की तुम्ही तुमची वेगळी दुनिया सोडून पिरॅमिडमध्ये येणार का, तेव्हा नाही म्हणणाऱ्यांना मी कधीच मागासलेले समजले नाही. त्यांची भीती खरी होती. शेजारच्या गावाविरुद्धचा सामना जाईल आणि त्याऐवजी शंभर किलोमीटरवरचा अनोळखी क्लब येईल. बसचं भाडं वाढेल. शनिवारी सकाळी कामावर जाणारा खेळाडू अशा प्रवासाला येणार कसा? फुटबॉल असोसिएशनचा परवाना हवा तर प्रकाशझोताचे खांब लागतील, कपडे बदलायच्या खोल्या नीट लागतील, कागदपत्रं लागतील, आणि हे सगळं करायचं ते पाच-सहा स्वयंसेवकांनी, ज्यांतले निम्मे साठीच्या पुढचे. सगळ्यात मोठी भीती करंडकाची. एकदा सगळे गेले की १४ वेळा जिंकलेल्या त्या कपाला कोण विचारणार?

आधी पाऊल टाकलं पूर्वेकडच्यांनी. फाइफमधला केल्टी हार्ट्स, तोही खाणगावातलाच, २०१७ मध्ये ज्युनिअर सोडून ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये गेला. पुढच्याच वर्षी इतकी रांग लागली की त्या लीगमधले क्लब १३ वरून ३९ झाले. बॉनिरिग रोज त्यांतलाच. तरुणपणी शॉन कॉनरी या क्लबकडून खेळला होता. पश्चिमेकडचे क्लब थांबले, भांडले, बैठकांवर बैठका झाल्या, आणि २०२० मध्ये सगळे एकत्र आले. वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीग ६७ क्लबांनी सुरू झाली. पहिला मोसम कोरोनानं गिळला. पण एकत्र आल्यामुळे ऑखिनलेक आणि कम्नॉक एकमेकांपासून तुटले नाहीत, आणि ज्युनिअर कपही हातचा गेला नाही. एकेकट्यानं फुटण्याऐवजी सगळ्यांनी मिळून दार ओलांडायचं, हा पश्चिमेचा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

मिळालं काय? केल्टी हार्ट्स २०२१ मध्ये लीगमध्ये पोचला, लगेच २०२२ मध्ये लीग टू ही चौथी श्रेणी जिंकून आणखी वर गेला, आणि त्याच वर्षी जानेवारीत त्यानं स्कॉटिश कपमध्ये गतविजेत्या सेंट जॉनस्टनला बाहेर काढलं. त्याच्या पाच वर्षं आधी हा क्लब ज्युनिअर होता. आणि मग डार्वेल. किलमारनॉकपासून पंधराएक किलोमीटरवरचं, जेमतेम चार हजार वस्तीचं, एके काळी लेस विणणारं गाव. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग याच गावाजवळच्या शेतावर जन्मले. २३ जानेवारी २०२३ च्या रात्री सहाव्या पातळीवरच्या डार्वेलनं स्कॉटिश कपमध्ये अबरडीनला १-० असं हरवलं. हाच तो अबरडीन, ज्यानं १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कप विनर्स करंडक आणला होता. गोल केला जॉर्डन कर्कपॅट्रिकनं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ब्लड प्रेशर मोजताना मी दोनतीन पेशंटना जरा वेळ गप्प बसायला सांगितलं, आकडे खरे यावेत म्हणून.

पण त्याच डार्वेलकडे बघून माझा राग सुरू होतो. हा क्लब २०२२ मध्ये पश्चिमेचा विजेता होता. तरी तो सहाव्याच पातळीवर राहिला. कारण पश्चिम, पूर्व आणि दक्षिण या तीन लीगच्या विजेत्यांतून एकालाच पाचव्या पातळीवरच्या लोलँड लीगची जागा होती. तिथं गेल्यावर अख्खी लोलँड लीग जिंकायची. मग उत्तरेकडच्या हायलँड लीगच्या विजेत्याशी दोन सामने खेळायचे. ते जिंकले तर वरच्या बेचाळीस क्लबांत जो सगळ्यात तळाशी आला, त्याच्याशी आणखी दोन. त्या तळाच्या क्लबानं वर्षभर काहीही केलेलं असो, त्याला स्वतःला वाचवायला हे दोन सामने मिळतातच. खाली अख्खा देश, आणि वर जायला वर्षाला एक जागा, तीही मिळेलच असं नाही.

ब्रोरा रेंजर्सला २०१५ मध्ये हा अनुभव सगळ्यांत आधी आला. हायलँड लीग जिंकली, लोलँड लीग जिंकलेल्या एडिनबरा सिटीला पेनल्टीवर हरवलं, वरच्या लीगच्या तळाला आलेल्या माँट्रोजविरुद्ध पहिला सामना १-० असा जिंकला, दुसरा १-३ असा हरला. दोन मोठ्या लीगचे विजेते, आणि त्या वर्षी वर कोणीच गेलं नाही. माँट्रोजबद्दलही सांगायला हवं. मरता मरता वाचलेल्या त्या क्लबानं घर सावरलं आणि २०१८ मध्ये लीग टू जिंकली. खाली जायची भीती वरच्यांनाही बळ देते, हे माँट्रोजनंच दाखवलं आहे. ब्रेखिन सिटी २०२१ मध्ये खाली गेला, अख्खं गाव हळहळलं, आणि दोनच वर्षांत तो हायलँड लीगचा विजेता झाला. ईस्ट स्टर्लिंगशर, जिथं १९७४ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन पहिल्यांदा मॅनेजर झाले, तो २०१६ पासून लीगबाहेर आहे. तोही जिवंत आहे, दर शनिवारी खेळतो आहे. खाली जाणं म्हणजे संपणं नव्हे. वरच्या क्लबांची ही भीती दहा वर्षांच्या अनुभवानं खोटी ठरवली आहे.

नियम बदलायचा तर मतं मात्र त्याच बेचाळीस क्लबांची. २००८ ची खोली बंद झाली असं आपण म्हणतो, पण दार किती रुंद ठेवायचं हे अजून तिथंच ठरतं.

आणि वर गेलेल्याला वागणूक कशी मिळते? बॉनिरिग रोजचं न्यू डंडास पार्क उतारावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं फुटबॉल खेळलं गेलं. २०२४-२५ च्या मोसमात तो उतार नियमात बसत नाही म्हणून क्लबचे सहा गुण कापले गेले, आणि मोसमाअखेर क्लब खाली गेला. नियम आधीच ठाऊक होता, हे मी मान्य करते. पण गावच्या क्लबाला वर बोलवायचं आणि मग त्याच्या जमिनीचा उतार मोजून दंड करायचा, हे मला पटत नाही. मैदान सपाट करायला लागणारा पैसा फुटबॉल असोसिएशननं आधी द्यावा, मुदत द्यावी, आणि गुण मैदानात गमावू द्यावेत.

रेंजर्स आणि सेल्टिकचे दुय्यम संघ २०२१ पासून लोलँड लीगमध्ये पाहुणे म्हणून खेळू लागले. दोन वर्षांनी तर त्यांच्यासाठी लीग टूच्या खाली एक नवी पायरीच घालायचा प्रस्ताव आला. म्हणजे डार्वेल आणि ऑखिनलेक आणखी एक पायरी खाली. गावोगावच्या प्रेक्षकांनी विरोध केला आणि प्रस्ताव गुंडाळला गेला. जी पोरं विसाव्या वर्षी सेल्टिक सोडून जाणारच आहेत, त्यांच्या सरावासाठी गावं मागं सरकवायची नसतात.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली, ती याच प्रश्नावर. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता. आयएसएलला (इंडियन सुपर लीग) वर ठेवून खाली राहिलेल्यांना चढायची वाट न ठेवणारा आराखडा त्यांच्यासमोर आला, आणि त्यांनी खेळायला नकार दिला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आयएसएलमध्ये मैदानावर जिंकून वर आलेला पहिला क्लब, पंजाब, २०२३ मध्ये दिसला. खाली जाणं तर तिथं तोवर कोणाच्याही वाट्याला आलं नव्हतं. कोल्हापूरच्या ज्या तालमीकडून माझा भाऊ खेळायचा, तिच्यासाठी लीग जिंकल्यावर पुढं पायरी कुठली, हे त्याला कोणी कधी सांगितलं नाही. तो चांगला खेळायचा. पुढं नोकरीला लागला.

एअरशरमध्ये अजूनही मला ‘आम्ही येऊन चूक केली का’ असं विचारणारे भेटतात. मी त्यांना नाही म्हणते, ठामपणे. तुमच्या नातवाला आज निदान पायऱ्या मोजता येतात. पण तुम्ही आता मागणी करायला हवी, आणि तीही ६७ क्लबांनी एकत्र येऊन, जसे तुम्ही २०२० मध्ये आलात. लोलँड आणि हायलँड या दोन्ही लीगचे विजेते दरवर्षी थेट वर. लीग टूमधले तळाचे दोघं थेट खाली. परवान्यासाठी लागणारे खांब आणि खोल्या यांचा खर्च अर्ज मंजूर होण्याआधी असोसिएशनकडून, कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून. दुय्यम संघांना या पिरॅमिडमध्ये पायरी नाही. आणि विकपासून ब्रेखिनपर्यंत साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करणाऱ्या हायलँडच्या क्लबांच्या बसचं भाडं सगळ्यांच्या सामाईक पैशातून.