भेट रुग्णाला, की रिवाजाला?

शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडचा संकेत. तो चांगलाच आहे. मात्र हातात काय असावे, याचा निर्णय आपण बहुधा कोपऱ्यावरच्या फळवाल्यावर सोपवून मोकळे होतो.

काही वर्षांपूर्वी मी इंदूरच्या एका शाखेत होतो. आमच्या हेड कॅशियरांची बायपास शस्त्रक्रिया झाली. ते घरी आल्याचे कळताच मी रंगीत कागदात बांधलेली फळांची मोठी करंडी घेऊन गेलो. तशाच पाच करंड्या कोपऱ्यात आधीच मांडलेल्या होत्या. कॅशियरसाहेब मधुमेही, त्यामुळे त्यांना फळ मोजूनमापूनच मिळे. वहिनी आल्यागेल्यांचा चहा करून थकल्या होत्या. कित्येक रात्री त्यांना सलग झोप नव्हती. तेवढ्यात शाखेतले दफ्तरी आले. त्यांच्या हातात काहीच नव्हते. ते म्हणाले, "वहिनी, आज रात्री साहेबांजवळ मी बसतो. औषधांच्या वेळा तेवढ्या लिहून द्या आणि तुम्ही निश्चिंत झोपा." वहिनींचे डोळे भरून आले. माझ्या करंडीला हे साधले नव्हते.

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की, भेट निवडण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. या माणसाला सध्या काय करता येत नाही? आणि त्याची शुश्रूषा कोण करीत आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेगणिक बदलते. बायपासमध्ये छातीचे हाड उघडून पुन्हा तारेने बांधलेले असते. ते सांधेपर्यंत काही आठवडे वजन उचलण्यास मनाई असते आणि खोकताना छातीशी उशी धरावी लागते. अशा रुग्णाला लहानशी घट्ट उशी किंवा पुढून बटणे असलेला सैल सदरा करंडीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. गुडघा बदललेल्या व्यक्तीला न घसरणारी चप्पल द्यावी. मोतीबिंदू काढलेल्या आजोबांना जाड ग्रंथ देण्याऐवजी रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखवावे. खाण्याचा पदार्थ मात्र घरच्यांना विचारूनच न्यावा. शहाळ्याचे पाणी निरुपद्रवी वाटते. परंतु त्यात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते अपायकारक ठरू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्वयंपाकघरात सापडते. एक दिवसाचा डबा, मुलांना शाळेतून आणणे, वीजबिल भरणे, एका रात्रीचे जागरण या भेटींना वेष्टन लागत नाही. आपण पंधरा मिनिटांत उठलो, तर तीही एक भेटच आहे.

आपण बँकेची माणसे आणि बँकेचे ग्राहक आहोत. म्हणून आणखी एक सुचवावेसे वाटते. आजारपणात कागदपत्रे हमखास मागे पडतात. रुग्ण निवृत्तिवेतनधारक असेल, तर नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याची त्याला आठवण करून द्यावी. २०१४ पासून हा दाखला 'जीवन प्रमाण'द्वारे डिजिटल स्वरूपातही देता येतो. सत्तरीपुढील, तसेच दीर्घ आजार वा अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला असलेल्या ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्यासाठी बँकांनी प्रयत्न करावेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिली आहे. शेजाऱ्याच्या वतीने शाखेत जाऊन त्याची चौकशी करणे आपल्याला सहज शक्य आहे. मात्र मदत करताना कोणाचा पिन किंवा ओटीपी विचारू नये.

पुढच्या रविवारी मी कॅशियरसाहेबांकडे पुन्हा गेलो, तो एक फाइल आणि पंचिंग मशीन घेऊन. रुग्णालयाची आणि औषधांची बिले तारखेप्रमाणे लावली, विम्याचा दावा-अर्ज भरला आणि मुदतीपूर्वी पाठवण्याची व्यवस्था केली. त्या दिवशी चहा मीच केला. वहिनी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांना कोणी उठवले नाही.