डिलीट म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये येणारे मेसेज, आणि ते पुसणं. "यात लिहायचंय काय? सरकव, बटण दाब, संपला विषय" असं आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांचं मत पडलं. उरलेल्या निम्म्यांकडे स्मार्टवॉच नाही :-)

पण विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो. माझं म्हणणं सरळ आहे. बऱ्याच स्मार्टवॉचवरचं डिलीटचं बटण म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. आणि ही काही तांत्रिक मजबुरी वगैरे नाही. कुठल्यातरी मीटिंगमध्ये कुणीतरी "हे पुढच्या रिलीजला बघू" म्हणालं, आणि ती पुढची रिलीज आजतागायत आलेली नाही. म्हणून आज जरा भांडायचं आहे. चहा घेऊन बसा.

आधी 'डिलीट' या एका शब्दाखाली किती गोष्टी दडल्यात ते बघू. समजा, तुमच्या सोसायटीत एक नोटीस निघाली. मूळ कागद सेक्रेटरीच्या फाईलमध्ये, आणि त्याची एक प्रत जिन्याखालच्या फळ्यावर. आता 'नोटीस काढली' याचे तीन अर्थ होतात. एक, फळ्यावर दुसरा कागद लावून ती झाकली. दोन, फळ्यावरची प्रत फाडली. तीन, फाईलमधला मूळ कागदच रद्द केला. फोन म्हणजे सेक्रेटरीची फाईल आणि घड्याळ म्हणजे फळा. घड्याळावर आपण एकच बटण दाबतो, पण वरच्या तिघांपैकी नेमकं काय झालं हे सांगायची तसदी ते घेत नाही. एका घड्याळात 'क्लिअर' म्हणजे नुसतं झाकणं, दुसऱ्यात 'डिलीट' म्हणजे प्रत फाडणं, तिसऱ्यात तोच शब्द मूळ कागदापर्यंत पोचतो. शब्द सारखा, अर्थ वेगळा. कोडमध्ये असं कुणी केलं तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढतो.

बरं, हे चालायचंच, एक वेळ तेही सोडून देऊ. खरी तक्रार उलट दिशेची आहे. मी फोनवरून मेसेज डिलीट केला, म्हणजे मूळ कागद रद्द केला. मग फळ्यावरची प्रत तिथे का लटकते आहे?

इथेच घोडं पेंड खातं. आता थोडं तांत्रिक, पण झेपेल एवढंच. फोनवर आलेली सूचना दुसऱ्या उपकरणापर्यंत पोचवायचे दोन मोठे रस्ते २०१३ साली खुले झाले. अँड्रॉइड ४.३ मध्ये नोटिफिकेशन लिसनर आला आणि आयओएस ७ मध्ये ब्लूटूथवरून सूचना पाठवणारी एएनसीएस नावाची सेवा आली. घड्याळ स्वस्त असो की महाग, ते तिसऱ्या कंपनीचं असेल तर साधारण याच दोन रस्त्यांवरून चालतं. आता गंमत बघा. या दोन्ही रस्त्यांवर पहिल्या दिवसापासून दोन प्रकारचे निरोप येतात: 'सूचना आली' आणि 'सूचना काढली'. म्हणजे फोन बिचारा इमानदारीने सांगतो की मालकाने ही सूचना काढून टाकली आहे. ऐकणाऱ्याने पहिला निरोप झेलायचा, स्क्रीन उजळायची, मनगट थरथरवायचं, आणि दुसऱ्या निरोपाला वाटाण्याच्या अक्षता लावायच्या!

एएनसीएसच्या कागदपत्रात तर याहून स्पष्ट लिहिलं आहे. ही सेवा पूर्ण सिंक करणारी नाही, एका जोडणीतली माहिती त्या जोडणीपुरतीच वैध आहे, आणि जोडणी तुटली की उपकरणाने त्या काळात साठवलेली माहिती काढून टाकावी, असा त्याचा आशय आहे. परत जोडणी झाली की फोन आपल्याकडे शिल्लक असलेल्या सूचना उपकरणाला कळवण्याचा पुरेपूर प्रयत्न करतो, हेही त्यात आहे. म्हणजे घड्याळ घरी चार्जिंगला लावून तुम्ही ऑफिसला गेलात, तिकडे फोनवरून दहा मेसेज पुसलेत, तर संध्याकाळी घड्याळाने आपली यादी फोनच्या यादीशी ताडून बघायला हवी. मी हाताळलेल्या अनेक घड्याळांत हे होत नाही. फोनवर मेलेले मेसेज तिथे भुतासारखे जिवंत असतात. नियम माहीत नव्हता म्हणावं तर तो कागदावर आहे. जमत नव्हतं म्हणावं तर दोन याद्या ताडून बघणं हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं जर्नल आहे.

"अरे पण त्याने कुणाचं काय बिघडतं?" हा पुढचा प्रश्न. सांगतो. माझ्या एका मावसबहिणीची परवानगी घेऊन लिहितोय.

तिचं घर एकत्र कुटुंबाचं. सासू-सासरे, दीर, जाऊ, दिराचा आठ वर्षांचा मुलगा. तिची आणि तिच्या नवऱ्याची एका डॉक्टरांकडे ट्रीटमेंट चालू होती, मूल व्हावं म्हणून. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, योग्य वेळ येईल तेव्हा सांगू असं दोघांनी ठरवलं होतं. सेंटरमधून एसएमएस यायचे: अमुक तारखेची वेळ, तमुक रिपोर्ट तयार. ती वाचायची आणि फोनवरून लगेच पुसायची. एका रविवारी पुतण्याने "काकू, मला पावलं मोजायचीत" म्हणून तिचं घड्याळ मागितलं. तिने दिलं, मूल आहे, खेळेल दहा मिनिटं. रात्री जेवताना, सगळे पानावर बसलेले असताना, त्याने घड्याळ वर-खाली सरकवत एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "काकू, फर्टिलिटी म्हणजे काय गं?"

पुढचं मी लिहीत नाही. घरचे वाईट नाहीत, कुणी ओरडलं वगैरे नाही. पण जी गोष्ट कधी, कशी, कोणाला सांगायची हे तिने ठरवायचं होतं, ते एका घड्याळाने ठरवलं. तिने तो मेसेज चार दिवसांपूर्वी डिलीट केला होता. तिच्याकडून सगळं बरोबर झालं होतं.

ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली तेव्हा जी उत्तरं आली ती अशी.

उत्तर पहिलं: "घड्याळ दिलंच कशाला दुसऱ्याला?" अहो, घड्याळ ही मागायची वस्तू आहे! फोन कुणी सहसा मागत नाही, मागितला तरी आपण अनलॉक करून समोर उभे राहतो. घड्याळ मात्र "बघू बघू, कितीला पडलं?" म्हणत कुणीही हातात घेतं. बेसिनवर काढून ठेवतो, जिममध्ये बाकावर ठेवतो, धाकट्या भावाला देऊन टाकतो. आणि फोनला लॉक लावणाऱ्या किती जणांनी घड्याळाला पिन लावलाय? ज्या वस्तूचा वापर असा आहे तिचं डिझाईन तसं असायला हवं. माणसांनी एकमेकांवर संशय घ्यायला शिकावं, हा बग-फिक्स नाही.

उत्तर दुसरं: "लपवण्यासारखं असतंच कशाला?" याला मी उत्तर देत नाही. फक्त म्हणतो, तुझी सॅलरी स्लिप ग्रुपवर टाक. लगेच विषय बदलतो :-)

उत्तर तिसरं, आणि हे खरं वजनदार आहे: "सगळीकडून एकदम डिलीट व्हायला लागलं तर उद्या घड्याळावर चुकून बोट लागेल आणि फोनमधला बँकेचा मेसेज जाईल." बरोबर आहे. एवढासा स्क्रीन, त्यात पावसाळ्यात बाईकवर शर्टाची ओली बाही घासून काय काय दाबलं जातं ते मीही अनुभवलंय. पण म्हणूनच डिलीटला दिशा हवी. पाणी वरून खाली वाहतं, तसं. फोनवर खोडलं तर घड्याळातून गेलंच पाहिजे, विनाअट. घड्याळावर खोडलं तर फोनमधलं मूळ शाबूत राहावं, किंवा फार तर आधी विचारावं. फाईलमधला कागद रद्द झाला की फळ्यावरचा उतरलाच पाहिजे, पण फळ्यावरचा कागद वाऱ्याने उडाला म्हणून फाईल जाळायची नसते. एवढा साधा नियम आहे.

आणि मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. ॲपलने २०१८ मध्ये आयक्लाउडमधल्या मेसेजची सोय आणली. ती चालू असेल तर एका उपकरणावर पुसलेला मेसेज बाकीच्यांवरूनही जातो. चुकून पुसलं तर काय, यासाठी आयओएस १६ मध्ये, म्हणजे २०२२ साली, पुसलेले मेसेज सुमारे महिनाभर परत मिळवता येण्याची व्यवस्था केली. गूगलने तर २०२१ मध्ये खास भारतासाठी मेसेजेस ॲपमध्ये ओटीपी २४ तासांनी आपोआप डिलीट करण्याचा पर्याय दिला. अँड्रॉइड १५ पासून, २०२४ मध्ये, ज्या ॲपवर सिस्टिमचा भरवसा नाही त्याला सूचनेतला ओटीपी दाखवणंच बंद झालं. थोडक्यात काय, फोन हळूहळू शहाणा होतोय. घड्याळ मात्र 'ॲक्सेसरी' या नावाखाली सुटतंय.

आपल्याकडे तर हा प्रश्न दुप्पट आहे, कारण आपला एसएमएस हा गप्पांचा राहिलेलाच नाही. गप्पा गेल्या व्हॉट्सॲपवर. एसएमएसमध्ये उरलं काय, तर ओटीपी, बँक, लॅब, कुरिअर, वीजबिल, आणि प्लॉट घ्या प्लॉट. म्हणजे एक तर अत्यंत खाजगी, नाहीतर अत्यंत फालतू. यातलं काय काय आहे हे यंत्राला ओळखता येत नाही, ही सबबसुद्धा आता चालणार नाही. ट्रायच्या नियमांनुसार २०२५ पासून कंपन्यांच्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षर येतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. एका अक्षराची तुलना करून घड्याळ ठरवू शकतं की प्लॉटसाठी मनगट थरथरवायचं नाही, आणि व्यवहाराचा मेसेज दहा मिनिटांनंतर ठेवायचा नाही. एक 'इफ' लागतो राव, एक!

कुणी म्हणेल, घड्याळ विकताना रिसेट मारला की झालं. मारावाच. पण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हेवनच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीची त्या वेळची दोन स्मार्टवॉच तपासली होती. सॅमसंगच्या घड्याळातून मेसेज, ईमेल, कॉन्टॅक्ट असा ऐवज निघाला, तोही एन्क्रिप्ट न केलेला. तेव्हापासून महागडी घड्याळं बरीच सुधारली, पण मुद्दा तोच राहतो. जे घड्याळात साठतं ते कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतं. सगळ्यात सुरक्षित मेसेज म्हणजे घड्याळात न उरलेला मेसेज.

तर माझ्या मागण्या तीनच. एक, फोनवर पुसलेलं घड्याळातून जावं, जोडणी तुटलेली असली तर पुन्हा जुळताक्षणी जावं. दोन, बटणाचं नाव खरं असावं. नुसतं झाकत असाल तर 'बाजूला करा' म्हणा, खोडत असाल तरच 'डिलीट' म्हणा. तीन, घड्याळ हे कपाट नाही. तिथले मेसेज ठरावीक तासांनी आपोआप जावेत, आणि ही सेटिंग मुळातच चालू असावी. ज्याला साठवायचेत त्याने ती शोधून बंद करावी. आज उलट आहे: ज्याला लाज राखायची आहे त्याने पाच मेन्यू धुंडाळायचे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क कंपन्यांविरुद्ध कागदावर दिला आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण मनगटावरच्या बटणाचा अर्थ कुठलं न्यायालय ठरवणार नाही. तो आपल्यासारखी माणसं ठरवतात, जिरा तिकिटाच्या प्रायॉरिटीत. वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी याच धंद्यात आहात, म्हणून तुम्हालाच सांगतोय. पुढच्या वेळी 'काढला' या निरोपाचं फंक्शन रिकामं दिसलं तर ते रिकामं जाऊ देऊ नका.

तोवर आज सुट्टी आहे तर दहा मिनिटं काढा. घड्याळाच्या ॲपमध्ये जाऊन एसएमएसच्या सूचना बंद करा, कॉल राहू द्या, जगबुडी होत नाही. फोनवर ओटीपी आपोआप पुसण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. घड्याळाला पिन लावा. आणि बायकोच्या, बहिणीच्या, आईच्या घड्याळालाही हे करून द्या, पण त्यांना विचारून, आणि मेसेज न वाचता.

असो. चहा गार झाला असेल. ज्यांचं घड्याळ फोनवर पुसलेलं खरोखर पुसतं त्यांनी मॉडेल जरूर कळवा, मावसबहीण नवीन घ्यायचं म्हणतेय.