आधी चिंचोके, मग पाटी

"तुमचा बाळ शाळेत काय शिकला?" असे विचारले, की पालक कौतुकाने सांगतात, "शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो!" पण म्हणता येणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांच्या मुलाकडून सात चिंचोके मोजून घ्यावेत, मग तेच जरा लांबलांब मांडून विचारावे, "आता किती?" पुष्कळ मुले "जास्त झाले" म्हणतात. याचा अर्थ, संख्या तोंडात आली, पण हातात आली नाही. अशा मुलापुढे पाटीवर बेरीज मांडणे म्हणजे पायाआधी छप्पर घालणे होय.

आपल्या दुभाषी भागात तर ही गोष्ट चटकन लक्षात येते. कन्नडमध्ये 'इप्पत्तमूरु' म्हणजे आधी वीस, मग तीन. लिहिण्याचा क्रमही तोच. मराठीत 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतो, म्हणून मूल ऐकून ३२ लिहिते आणि मार खाते. 'एकोणतीस' या नावात तर चक्क वजाबाकी दडली आहे. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझ्या मते नावे बदलण्याचे कारण नाही. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्याव्यात. मग तेवीस म्हणा नाहीतर इप्पत्तमूरु, घोटाळा होत नाही. तीन जुड्यांतून एक काडी काढली, की एकोणतीसचा अर्थ आपोआप उलगडतो.

त्यासाठी महागडी खेळणी नकोत. आपल्याकडचा चौकाभारा घ्या. चार कवड्यांपैकी तीन उताण्या पडल्या, तर पालथी किती? हीच वजाबाकी. सोंगटी तीन घरे पुढे सरकली, ही बेरीज. दुकान-दुकान खेळताना तेरा रुपयांच्या मालाला वीसची नोट आली, की छोटा दुकानदार 'चौदा, पंधरा...' असे वीसपर्यंत मोजत सुटे पैसे परत देतो. वजाबाकी म्हणजे उलट दिशेची बेरीज, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना जमाखर्चात भेटणारे तत्त्व त्याला खेळातच सापडते.

हा विचार नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठी मुलखात आणला आणि बोर्डी-कोसबाडला गरीब मुलांपर्यंत नेला. शंख-शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने होती. आज मात्र तीन वर्षांच्या मुलालाही गृहपाठ मिळतो, आणि पालक वह्या मोजून शाळा निवडतात!

काहीजण म्हणतील, "मग पाढे सोडून द्यायचे काय?" मुळीच नाही. पाठांतराने हिशेबाला वेग येतो. मात्र अर्थ आधी आणि वेग नंतर, हा क्रम मोडू नये. पहिलीत गणिताची बसलेली भीती पुढे पदवीपर्यंत पाठ सोडत नाही. आमच्याच वर्गात साध्या बेरजेसाठी कॅल्क्युलेटर शोधणारे काही कमी नाहीत.

तेव्हा वाचकहो, घरात लहान भावंड असेल तर या सुट्टीत त्याला गणिताला बसवू नका. मूठभर चिंचोके घेऊन तुम्हीच त्याच्याशेजारी जमिनीवर बसा.